गिटारचा गळा

‘पिकअप’ म्हटलं की आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती गाडी. घर बदलताना सोफा, फ्रिज आणि त्यावर उलटी बांधलेली खुर्ची घेऊन शारजाहून अजमानला निघालेली. त्यामुळे ‘या वर्षी दिवाळी अंकासाठी पिकअपवर लिहितो’ असं मी संपादकांना सांगितलं, तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतताच होती. मंडळी, हा पिकअप वेगळा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी काळी किंवा चकचकीत पट्टी बसवलेली दिसते, तो. आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा शब्द तसा नवा नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असत आणि त्यांच्यावर ‘पी. यू.’ लिहिलेलं असे. तबकडीवरून सुईनं उचललेला आवाज रेडिओच्या भोंग्यातून ऐकायचा, म्हणून पिकअप. गिटारनं तो शब्द तसाच उचलला.

ही पट्टी करते काय? आत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडर कंपनीच्या जुन्या पिकअपवर सुमारे आठ हजार वेढे असत. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत नाममात्र वीज तयार होते, आणि तीच वीज मोठी करून भोंग्याला दिली की आवाज. दहावीच्या विज्ञानातला फॅरेडे, बस्स. मी पेशानं विजेचा माणूस असल्यामुळे मला या प्रकरणात रस आहे. संगीताच्या बाबतीत मी पक्का कानसेन.

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की केस वाढवलेली, दात ओठ खाणारी पोरं आठवतात. पण या वाद्याचा जन्म झाला तो अगदी मवाळ संगीतासाठी. जॉर्ज बोशँप हा अमेरिकेतला हवाईयन गिटार वाजवणारा कलावंत. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. नाटकगृहात बाकीच्या वाद्यांपुढे त्याची गिटार ऐकू यायची नाही. १९३१ साली त्यानं आणि अॅडॉल्फ रिकनबॅकरनं मिळून अॅल्युमिनियमची ओतीव गिटार केली. गोल पोट, लांब दांडा, त्यामुळे लोकांनी तिला ‘तवा’ म्हणायला सुरुवात केली. घोड्याच्या नालेसारखी दोन चुंबकं तारांना कवेत घेऊन बसलेली होती. १९३२ पासून ती विकायला आली. पेटंट मात्र मिळालं १९३७ च्या ऑगस्टमध्ये, कारण हे वाद्य आहे की विजेचं उपकरण, याचा पेटंट कचेरीला निर्णय होईना!

मांडीवरच्या गिटारला वीज मिळाली, मग उभी धरून वाजवायच्या स्पॅनिश गिटारला का नाही? गिब्सन कंपनीनं १९३६ मध्ये ईएस-१५० बाजारात आणली. तिच्यात एकच पिकअप होता आणि तो बसवला होता मानेजवळ, म्हणजे जिथं पडदे संपतात त्याला चिकटून. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण ही गिटार घेऊन बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला. तोवर गिटारचं काम मागे बसून ताल धरण्याचं. या पोरानं सॅक्सोफोनसारख्या एकेरी सुरावटी वाजवल्या, आणि त्या भरल्या वाद्यवृंदात ऐकू आल्या. १९४२ मध्ये क्षयानं तो गेला तेव्हा पंचविशीचा होता. त्या पट्टीला आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

पुढे गिटारवर दोन-दोन, तीन-तीन पिकअप आले. एक घोडीजवळ, एक मानेजवळ. मग प्रश्न असा की एकाच तारेच्या खाली दोन जागी तीच पट्टी ठेवली तर आवाज इतका वेगळा का यावा?

अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांसमोर आणा. खुंटीजवळ ती जेमतेम हलते, मधे भरपूर झुलते. तारेचंही तेच. आता तंबोरा आठवा. तारा नीट जुळल्या की त्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार. तार एकाच वेळी पूर्ण लांबीत हलते, दोन भागांत हलते, तीन, चार, पाच भागांत हलते. पाच भागांतल्या हलण्यातून तो गंधार येतो. घोडीपाशी हे सगळं हलणं छोटं असतं, आणि तिथं बारीक तुकड्यांचं प्रमाण तुलनेनं जास्त, म्हणून तिथला आवाज टोकदार, चावरा. मानेजवळचा पिकअप पुष्कळ गिटारींवर तारेच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. तिथं मूळ सूर आणि वरचा सा जोरदार असतात, आणि चार भागांत हलणाऱ्या तारेचा मात्र तिथं थांबा असतो, म्हणजे तो स्वरांश पिकअपला ऐकूच येत नाही. (मोकळ्या तारेपुरतं हे खरं. पडद्यावर बोट ठेवलं की तारेची लांबी बदलते आणि हिशेबही बदलतो.) परिणाम असा की मानेजवळचा आवाज गोल, भरलेला, थोडा नाकातून पण गाणारा येतो. मराठीत गळा म्हणजे मानही आणि आवाजही. गिटारच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे.

आता आपल्याकडे या. हवाईयन गिटार आपल्याकडे फार लवकर रुजली, कारण तिला मींड येते. पडद्याच्या वाद्यात सूर पायऱ्यांनी चढतो. कांडीखाली तो घसरत, गळ्यासारखा जातो. सरकवून वाजवायची ही पद्धतच मुळात गॅब्रिएल डॅव्हियन नावाच्या भारतात जन्मलेल्या माणसानं हवाई बेटांवर नेली, असंही एक म्हणणं आहे. सर्वसाधारणपणे श्रेय जोसेफ केकुकुला देतात. चाळीसच्या दशकात ताऊ मो हा हवाईयन कलावंत कुटुंबासकट कलकत्त्यात राहत होता आणि तिथं या वाद्याची मोठी परंपराच उभी राहिली. मुंबईत आपल्या चितळकरांनी, म्हणजे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी, गिटार, सॅक्सोफोन आणि माउथ ऑर्गन यांची मोट बांधून ‘शहनाई’ (१९४७) मध्ये सगळा देश डोलायला लावला. त्यांच्या मागे गोव्याच्या वादकांची फौज होती. अल्दोनाचे चिक चॉकलेट त्यातले सगळ्यांत नावाजलेले, ते ‘अलबेला’ (१९५१) मध्ये आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. लखनौचे व्हॅन शिप्ले हे तर आपल्याकडचे पहिले नावाजलेले इलेक्ट्रिक गिटारवादक. आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार त्यांनी स्वतः आखून घेतली होती. त्यांच्या तबकड्यांवर साथीला अॅकॉर्डियन कुणाचं, तर पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं. हजारा सिंग यांच्या फिल्मी गाण्यांच्या तबकड्या तर घरोघरी होत्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे जे ‘वाद्यसंगीत’ लागायचं, ते बहुतेक यांचंच.

या सगळ्या वादनात एक गोष्ट समान आहे: शब्द काढून घेतलेलं गाणं. गिटारनं गायिकेची जागा घ्यायची. म्हणून मुरकी दिसली पाहिजे, सूर लांबवला पाहिजे, शेवटी आस राहिली पाहिजे. अमेरिकेत पुढे रॉकनं गिटारला ओरडायला शिकवलं आणि ते काम घोडीजवळच्या पिकअपनं केलं. आपल्याकडेही ते आलंच. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच पुढे गझल गायक म्हणून नावारूपाला आलेले. पण माझं मत विचाराल तर आपल्या कानाला इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा भेटली ती गाणारी, आणि म्हणूनच जुनी गाणी वाजवताना घोडीजवळचा पिकअप लावला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

माझे मामा साठ-सत्तरच्या दशकात पुण्यात ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत. पुण्याला तेव्हा ऑर्केस्ट्रांचं वेड होतं. ‘मेलडी मेकर्स’चं नाव आजही लोक काढतात. मामांचा ताफा त्यापुढे किरकोळ, गणपतीत आणि गॅदरिंगला वाजवणारा. परदेशी वाद्य आणायचं तर परवाना, जकात, आणि मुळात परकीय चलन आणायचं कुठून? मामांनी साध्या लाकडी गिटारला पिकअप बसवला तो घरचा. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबक, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेली बारीक तार, आणि वेढे भरून दिले मोटार रिवाइंडिंगवाल्यानं. तो पिकअप जोडायचा रेडिओच्या त्याच ‘पी. यू.’च्या भोकांत. मामा सांगतात की स्टेजवरची ट्यूबलाइट लावली की भणभण इतकी व्हायची की निवेदक म्हणायचा, ‘तंबोऱ्याची साथ आहे’.

मग आखात आलं. आपल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको, पण मुलांना ठाऊक नसतं की १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपया चालत होता आणि मुंबईहून बोटीनं लोक दुबईला येत. १९७१ च्या २ डिसेंबरला अमिराती एक झाल्या, तेलाच्या पैशातून बांधकामं निघाली, आणि आपली माणसं सुटकेसमधून टू-इन-वन, टेरिकॉट आणि अत्तरं घेऊन सुट्टीवर जाऊ लागली. मामांच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला १९७८ साली दुबईत फोरमन म्हणून आला. पहिल्या सुट्टीत त्यानं भावाला घड्याळ नेलं, बहिणीला साडी, आणि मामांना साबणाच्या वडीएवढी डबी. आत जपानी बनावटीचा पिकअप. मामांनी तो घोडीपासून दूर, मानेकडे सरकवून बसवला, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार ‘घोडीपाशी गिटार बोलते, इथं गाते’. भौतिकशास्त्र त्यांना शिकवायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी हिवाळ्यात मामा आमच्याकडे शारजाला तीन महिने राहिले. वय चौऱ्याऐंशी. कानाला यंत्र आहे. माझी मुलगी मुक्ता अकरावीत, इलेक्ट्रिक गिटार वाजवते, आणि मंडळाच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात तिला तीन गाण्यांवर वाजवायचं होतं. तालमीत मामा पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले, ‘पोरगी वाजवते चांगलं, पण मला काहीच कळत नाही.’ उतारवयात आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं, हे डॉक्टर सांगतात. घोडीजवळच्या पिकअपचा धारदार भाग मामांपर्यंत पोचतच नव्हता. मानेजवळचा लावला तर खालच्या तारा इतक्या गढूळ की सूर कुठला आणि घुमारा कुठला हे मलाही कळेना. मामांना उन्हाळ्यापूर्वी परत जायचं होतं. आणि पुन्हा ते येऊ शकतील की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं इतकंच.

म्हणून मानेजवळचा पिकअप बदलायचा ठरला. तेव्हा जे शिकलो ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोपऱ्यात एक गिटार उभी असतेच.

पहिलं म्हणजे पडदे मोजा. एकवीस किंवा बावीस पडद्यांच्या गिटारला मानेजवळचा पिकअप त्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. चोवीस पडद्यांच्या गिटारला ते दोन जास्तीचे पडदे तीच जागा खातात आणि पिकअप घोडीकडे ढकलला जातो. तिथं कितीही महागाचा बसवा, तो जुना गोलवा पूर्ण येत नाही. मुक्ताची बावीसची निघाली, देवाची कृपा.

दुसरी गोष्ट भणभणीची. एकेरी वेढ्याचा पिकअप, ज्याला सिंगल कॉइल म्हणतात, तो तारेबरोबर घरातल्या विजेचा आवाजही उचलतो. भारतात आणि इथं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे भणभण ५० आणि त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झला येते. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसऱ्या पडद्यावरचा सूर आहे ९८ हर्ट्झ. म्हणजे आपल्याकडे भणभण जवळजवळ सुरात, पण किंचित चढी लागते, आणि ते बेसूर असण्यापेक्षा वाईट. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथं ती दुसऱ्याच दोन सुरांच्या मधे लटकते. गिब्सनमधल्या सेथ लव्हर या अभियंत्यानं १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन वेढे शेजारी ठेवायचे, एकाची दिशा उलटी, चुंबकाची बाजूही उलटी. बाहेरची भणभण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र बेरजेत जातो. हा हमबकर. १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या बुडाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवत. त्या चिठ्ठीचे जुने पिकअप आज सोन्याच्या भावानं जातात. ज्या हॉलमध्ये आपले कार्यक्रम होतात तिथले मंद होणारे दिवे पाहता मी तरी हमबकरच्याच बाजूचा. हळू भावगीताच्या मधल्या शांततेत भणभण नको.

पण हमबकर रुंद असतो, तारेचा मोठा तुकडा ऐकतो, म्हणून थोडा जाड बोलतो. मानेजवळ आधीच तार जोरात हलते, आवाज आधीच भरलेला असतो. तिथं आणखी जोरकस पिकअप बसवणं म्हणजे बासुंदीत साखर. मुक्ताच्या गिटारला कारखान्यातून आलेला नेमका तसाच होता, सिरॅमिक चुंबकाचा, भरपूर वेढ्यांचा. दुकानात आणि कंपन्यांच्या तक्त्यांत किलो-ओहमचा आकडा मोठा दाखवून माल खपवतात. विजेचा माणूस म्हणून सांगतो, तो आकडा तारेचा विरोध सांगतो, आवाजाचा दर्जा सांगत नाही. मानेजवळच्या हमबकरला सात-साडेसात किलो-ओहमच्या आसपासचे जुन्या वळणाचे पिकअप पुष्कळ होतात. चुंबक अल्निकोचं, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रणाचं घ्यावं. त्यात दोन नंबरचं मऊ आणि पाच नंबरचं जरा स्पष्ट. मुक्ताला मऊ आवडलं. मामांनी एकच परीक्षा घेतली. तिला तिसऱ्या तारेवर एक सूर खेचून मींड घ्यायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून शेपटीकडे लक्ष दिलं. मऊ चुंबकात सूर छान फुलत होता, पण खालच्या तारा जोडीला आल्या की पुन्हा चिखल. पाच नंबरवर मामा म्हणाले, ‘आता कळलं कुठलं गाणं आहे.’ पाच नंबर घेतला. दोन्ही पिकअप ओळखीच्या एका गिटारवाल्या मुलाकडून आठवडाभर उसने आणले होते. असं कुणी भेटलं तर जरूर करा, नुसत्या वर्णनांवर जाऊ नका.

बसवताना तीन-चार गोष्टी पाहिल्या. मानेजवळ तारा एकमेकींच्या जवळ असतात आणि घोडीकडे पसरतात, म्हणून त्या जागेसाठी केलेलाच पिकअप मागवायचा. उंची फार वर आणायची नाही, नाहीतर चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या पडद्यांवर सूर बिघडतात. जाड तारांची बाजू आणखी थोडी खाली. आणि दोन कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारवर असले की दोन्ही एकदम लावून पाहावं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ झाला, तर दोघांची दिशा उलटी आहे, एकाच्या दोन तारा अदलाबदल करून झाळायच्या. आमचं तसंच झालं होतं. पाच मिनिटांचं काम.

इथल्या हवेची एक खास गोष्ट आहे जी अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही. पिकअपचे वेढे सैल राहिले तर मोठ्या आवाजात ते स्वतःच किंचाळतात, म्हणून ते मेणात बुडवून काढतात. पॅराफिनचं मेण साधारण ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. जुलै-ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होतं ते आपण स्टिअरिंगला हात लावून रोज अनुभवतो. तालमीला जाताना वाटेत लुलूत भाजी घ्यायला थांबलात, तर गिटार बरोबर आत न्या. लोक बघतील. बघू द्या.

कार्यक्रम फेब्रुवारीत झाला. मुक्तानं तिन्ही गाण्यांत मानेकडचाच पिकअप लावला. मामा मार्चमध्ये पुण्याला गेले. तेव्हापासून ती दर शुक्रवारी फोनवर त्यांना एखादी सुरावट ऐकवते आणि ते गाणं ओळखतात. मधेच ती मुद्दाम आयर्न मेडनचं काहीतरी वाजवते. (त्यांनी २००७ मध्ये दुबईत डेझर्ट रॉकला वाजवलं तेव्हा ही जन्मलीही नव्हती, पण त्या कार्यक्रमाचा टी-शर्ट तिनं कुठून तरी पैदा केलाय.) मामा म्हणतात, ‘हे सी. रामचंद्रांचं नाही.’ त्यांच्या त्या वादकाचा, डेव्ह मरेचा, मानेजवळचा पिकअपही हमबकरच आहे हे मी दोघांनाही सांगून पाहिलं. कुणाला त्यात रस नव्हता.

काढलेला जुना पिकअप घरी डब्यात पडून आहे. चालू स्थितीत आहे, सिरॅमिक, काळा, चार तारांचा. घोडीजवळ बसवला तर बरा वाजेल असा माझा अंदाज आहे. कुणाच्या मुलाला प्रयोगाला हवा असल्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन येईन. स्क्रू मात्र दोनच सापडले आहेत.